जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेलं पोर पुढे दिग्दर्शक कसं होतं?

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला वडूज आहे. खटाव तालुक्याचं हे मुख्य ठिकाण येरळा नदीच्या काठी वसलंय. कागदावर नदी असली, तरी खटाव आणि शेजारचा माण हे दोन्ही तालुके ओळखले जातात ते दुष्काळी पट्टा म्हणूनच. याच पट्ट्यात महाराष्ट्रातल्या काही मोठ्या जत्रा भरतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथल्या रथाला भाविक नोटांच्या माळा बांधतात. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. औंधला यमाईची यात्रा असते. सुगी हाताशी आलेली असते, थंडी पडलेली असते आणि आसपासची गावंच्या गावं जत्रेला लोटतात.

या जत्रांत देव होता, बैलबाजार होता, कुस्त्या होत्या, तमाशाचे फड होते. आणि कित्येक वर्षं सिनेमाचा तंबूही होता.

आज तिशी-चाळिशीच्या पुढे असलेल्या कुणालाही विचारा, पहिला सिनेमा कुठं पाहिला? जत्रेत, गणपतीत रस्त्यावर बांधलेल्या पांढऱ्या कापडावर, किंवा भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर रात्रभर जागून, अशीच उत्तरं येतील. त्यातली बहुतेक पोरं पुढे शेतकरी झाली, शिक्षक झाली, मुंबईत माथाडीचं काम करायला गेली, गलाई व्यवसायात देशभर पांगली. पण त्याच पिढीतल्या, तसाच सिनेमा पाहिलेल्या काही पोरांनी पुढे स्वतःच कॅमेरा हातात घेतला.

हे कसं होतं? लहानपणी पाहिलेल्या सिनेमात असं काय असतं, की कुणाला फक्त करमणूक मिळते आणि कुणाला आयुष्याचा धंदा सापडतो? सोपं उत्तर म्हणजे "चांगला सिनेमा पाहिला की चांगला दिग्दर्शक होतो". पण महाराष्ट्राच्या सिनेमाचा इतिहास पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. कोणता सिनेमा पाहिला यापेक्षा तो कसा पाहिला, कुणाबरोबर पाहिला आणि त्यात काय दिसलं नाही, हे जास्त महत्त्वाचं ठरलेलं दिसतं.

तंबूतला सिनेमा चालायचा कसा?

टुरिंग टॉकीजचा धंदा जत्रांच्या कॅलेंडरवर चालायचा. पावसाळा संपला की ट्रकमध्ये तंबूचं कापड, बांबू, पडदा, प्रोजेक्टर आणि जनरेटर भरायचं आणि एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जायचं. उन्हाळा संपून पाऊस तोंडावर आला की मुक्काम हलवून घर गाठायचं. जत्रेच्या गावात दिवसभर भोंग्यावरून सिनेमाची जाहिरात व्हायची आणि अंधार पडला की खेळ सुरू व्हायचा. प्रेक्षक जमिनीवर बसायचे, पोरं पडद्याच्या अगदी पुढ्यात. देवादिकांचे सिनेमे, तमाशापट, दादा कोंडक्यांचे सिनेमे, 'जय संतोषी माँ', 'माहेरची साडी' यांना तंबू कमी पडायचा.

आता जरा मशीनकडे बघू, कारण पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

३५ एमएमची फिल्म एका सेकंदाला २४ चित्रं या वेगाने पळते. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म मशीनमधून जाते. तीन तासांच्या सिनेमाचा हिशोब केला तर ती होते १६ हजार फुटांच्या वर, जवळपास पाच किलोमीटर लांब! ती एकाच चाकावर मावत नाही, म्हणून तिची रिळं करतात. हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, दोन हजार फुटांचं २२ मिनिटं. शहरातल्या थिएटरात दोन मशीन असायची, एक रीळ संपायच्या आत दुसरं सुरू. तंबूत एकच मशीन असेल तर रीळ बदलेपर्यंत सगळे अंधारात बसून राहायचे, शिट्ट्या मारायचे.

आणखी एक गंमत आहे. एक चित्र पुढे सरकून दुसरं त्या जागी येताना मशीनमधलं शटर प्रकाश अडवतं. नाहीतर पडद्यावर नुसते ओघळ दिसले असते. याचा अर्थ असा, की फिल्मवरचा सिनेमा पाहताना जवळपास निम्मा वेळ पडदा काळाच असतो. चित्रं सगळी स्थिर असतात. मधला अंधार आपलं डोकं भरून काढतं आणि आपल्याला माणूस चालताना दिसतो.

सिनेमा अर्धा पडद्यावर आणि अर्धा पाहणाऱ्याच्या डोक्यात घडतो, हे असं अगदी शब्दशः खरं आहे. तंबूतल्या पोरांच्या बाबतीत तर जास्तच.

एक सिनेमा आणि वर्षभराची स्टोरी

आज आपल्याला एखादा सीन आवडला तर तो दहा सेकंदांत पुन्हा बघता येतो. जत्रेतला सिनेमा मात्र एकदा गेला की गेला. पुन्हा भेटेल तो पुढच्या वर्षी, आणि तोच भेटेल याची खात्री नाही. मग तो जपून ठेवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सांगणे.

ज्याला सिनेमा बघायला मिळाला तो दुसऱ्या दिवशी राजा असायचा. शाळेत, गुरांमागे, पारावर, "स्टोरी सांग की" म्हणून बाकीची पोरं त्याच्याभोवती बसायची. तोही मग तोंडानं ढिशूम-ढिशूम करत, पार्श्वसंगीतासकट, सगळा सिनेमा उभा करायचा. विसरलेल्या जागी स्वतःच्या पदरचं घालायचा. ऐकणारी पोरं कंटाळली असं वाटलं की गाणं गाळून थेट मारामारीवर यायचा.

नीट पाहिलं तर हे सगळं काम पटकथा आणि संकलनाचंच आहे. कुठं थांबायचं, काय लपवायचं, काय आधी सांगायचं, हे समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. टंचाईमुळे ही पोरं न कळत गोष्ट सांगायचा रियाज करत होती. दुष्काळी पट्ट्याला टंचाई नवीन नाही, पण या एका टंचाईने थोडं देणंही दिलं असं म्हणावं लागेल.

मानसशास्त्रात एक माहीत असलेली गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी त्यांना जास्त येतात. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी मनात खोल बसतात. त्या वयात पाहिलेला, आणि वर पन्नास वेळा सांगितलेला सिनेमा म्हणूनच पुसला जात नाही.

उजेड कुठून येतो ते बघायला मागे वळलेली पोरं

तंबूत दोन प्रकारची पोरं असतात. बहुतेक सगळी पडद्याकडे बघतात. एखाद-दुसरं मात्र मागे वळून उजेडाचा झोत कुठून येतोय ते बघतं.

फिल्म तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकायचा. ते तुकडे पोरांच्या खिशात जायचे आणि गोट्यांसारखे त्यांचे सौदे व्हायचे. मग खोलीत अंधार करायचा, दारातून आरशाने उन्हाचा कवडसा आत घ्यायचा, उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून त्याचं भिंग करायचं आणि समोरच्या भिंतीवर चित्र पाडायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पोरांनी हा उद्योग केलाय.

या कुतूहलातून काय घडू शकतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण वडूजपासून फार लांब नाही, कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगवणारे कलाकार. दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा पाहून दोघे झपाटले. त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला, तो कसा चालतो हे समजून घेतलं आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. सहकाऱ्यांना घेऊन देशी कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. बाबूराव तेव्हा लहान नव्हते, पण मशीन उघडून बघायची खोड तीच होती.

अमेरिकेतला स्टीव्हन स्पीलबर्ग याच जातीचा. १९५२ मध्ये वडिलांनी त्याला सर्कशीवरचा 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' दाखवायला नेलं. त्यातल्या रेल्वे अपघाताच्या प्रसंगाने पोरगं हादरलं. पुढे त्याने आपल्या खेळण्यातल्या आगगाड्यांची टक्कर लावून ती वडिलांच्या ८ एमएम कॅमेऱ्यावर चित्रित केली. ज्या गोष्टीची भीती वाटली, तीच स्वतः घडवून बघितली. ही कथा त्याने २०२२ च्या 'द फेबलमन्स'मध्ये पडद्यावर आणली.

गुजरातच्या पान नलिन यांचं बालपण तर आपल्याला आणखी जवळचं वाटेल. वडील रेल्वे स्टेशनवर चहा विकायचे. त्यांच्या 'छेल्लो शो' या सिनेमातला पोरगा आईच्या हातचा डबा ऑपरेटरला देतो आणि त्या बदल्यात मशीनच्या खोलीत बसून फुकट सिनेमे बघतो. ऑस्करसाठी भारताने पाठवलेल्या या सिनेमाच्या शेवटी जुने प्रोजेक्टर वितळवून त्यांचे चमचे केले जातात आणि फिल्मच्या बांगड्या होतात.

हुबळीतला पत्र्याचा सिनेमा आणि शांताराम

व्ही. शांताराम यांचं नाव घेतलं की प्रभात, 'माणूस', 'दो आँखें बारह हाथ', 'पिंजरा' आठवतात. पण त्यांची सुरुवात झाली ती पत्र्याच्या सिनेमागृहात. १९०१ मध्ये कोल्हापूरला जन्मलेले शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. नंतर घर हुबळीला आलं. तिथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता ते संध्याकाळी एका पत्र्याच्या सिनेमागृहात पडेल ते काम करू लागले. मूकपटांचा काळ होता. परदेशी सिनेमे यायचे, फाळक्यांचे यायचे.

सिनेमागृहात काम करणाऱ्या पोराला एक गोष्ट मिळते जी तिकीट काढून येणाऱ्याला मिळत नाही. त्याला तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

पहिल्यांदा बघताना आपण गोष्टीत असतो. चौथ्यांदा बघताना पुढं काय होणार ते माहीत असतं, म्हणून कसं होतं ते दिसायला लागतं. कॅमेरा कुठं ठेवलाय, चित्र कुठं बदललं, हे लक्षात येतं. दहाव्यांदा तर पडदा सोडून लोकांकडे लक्ष जातं. लोक नेमके कुठं हसतात, कुठं गप्प होतात, कुठं चुळबुळ सुरू होते, हे रोज वेगवेगळ्या गर्दीत तपासता येतं. फिल्म इन्स्टिट्यूट नसलेल्या काळात ही शाळाच होती.

१९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने शांताराम महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. १९२९ मध्ये चार भागीदारांबरोबर त्यांनी कोल्हापुरात प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पत्र्याखाली काम करणाऱ्या पोराने उभ्या केलेल्या जागेत आज देशभरची पोरं सिनेमा शिकतात.

या गोष्टीला वडूजच्या पट्ट्याचा एक धागाही आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत होती. तिथं गंभीर गुन्ह्यातले कैदी बेड्यांशिवाय, कुलपाशिवाय शेती करून राहायचे. याच संस्थानाच्या मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा रचली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात तो गाजला. सिनेमाची भाषा शांतारामांनी पडद्यावरून घेतली, पण सांगायची गोष्ट माणदेशाच्या मातीतून आली.

जेऊरचं पोर आणि पडद्यावर नसलेला चेहरा

आता आपल्या काळातलं उदाहरण. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर आहे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं गाव. नागराज मंजुळे तिथले. त्यांच्या पिढीचा सिनेमा म्हणजे हिंदी मसालापट आणि त्यातले अमिताभ बच्चन. आपण लहानपणापासून अमिताभचे चाहते आहोत हे त्यांनी अनेकदा सांगितलंय. जागतिक सिनेमा, इराणी सिनेमा, फ्रेंच सिनेमा हे सगळं खूप नंतर.

पण या पोरांच्या सिनेमा बघण्यात एक अडचण होती. पडद्यावरचा हिरो रागीट होता, गरीब होता, अन्यायाविरुद्ध लढत होता, म्हणून तो आपला वाटायचा. मात्र त्याचं आडनाव, त्याची वस्ती, त्याचा रंग, त्याची बोली आपली नव्हती. वडार वस्तीतलं किंवा कैकाडी कुटुंबातलं पोर हिरो म्हणून त्या पडद्यावर कधी आलंच नाही. आलं तर एखाद्या कोपऱ्यात, टिंगलीपुरतं.

म्हणजे सिनेमावर जीव आहे, पण त्या सिनेमात आपण कुठंच नाही. मंजुळ्यांचं काम पाहिलं की या दोन गोष्टींची ओढाताण सगळीकडे दिसते.

'फँड्री'मधला जब्या शालूच्या प्रेमात पडतो, जीन्सची स्वप्नं बघतो. ही सगळी हिंदी सिनेमाने शिकवलेली स्वप्नं. आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या, म्हणजे प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

२०१६ चा 'सैराट' तर दोन सिनेमे एकत्र शिवल्यासारखा आहे. पूर्वार्धात स्लो मोशन आहे, अजय-अतुलचं भव्य संगीत आहे, विहिरीतल्या उड्या आहेत. लहानपणी पाहिलेल्या प्रेमकथांची सगळी जादू आहे, फक्त ती करमाळ्याच्या उसात आणि केळीच्या बागांत घडते. उत्तरार्धात ती जादू हळूहळू काढून घेतली जाते. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच उरत नाही. हिंदी सिनेमाने कधी न दाखवलेलं वास्तव सांगायला त्यांनी हिंदी सिनेमाचीच भाषा वापरली, म्हणून तो सिनेमा फक्त महोत्सवात न अडकता गावोगावच्या थिएटरात झिंगाट करत गेला.

आणि २०२२ चा 'झुंड'. ज्यांना बघत मोठे झाले त्या अमिताभनाच मंजुळ्यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांमध्ये आणून उभं केलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडायला लावले. लहानपणच्या पडद्यावर जी रिकामी जागा होती ती अशी भरली गेली.

पण फाळक्यांचं काय?

इथं कुणी म्हणेल, सगळं बालपणातच ठरत असेल तर भारतीय सिनेमाचे जनक कुठल्या तंबूत बसले होते?

प्रश्न बरोबर आहे. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, तेव्हा जगात सिनेमाच नव्हता. १९१०-११ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, त्यांनी मुंबईत गिरगावच्या एका तंबूतल्या सिनेमागृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते. आपले देव, आपली माणसं या पडद्यावर कधी येणार, या विचाराने त्यांना झोप येईना. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

सुमित्रा भावे यांचंही तसंच. समाजकार्य आणि संशोधनात बरीच वर्षं गेल्यावर, वयाच्या चाळिशीनंतर त्या सिनेमाकडे वळल्या आणि १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'अस्तु' असे सिनेमे दिले. सिनेमाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं.

म्हणजे वयाची अट नाही. फाळके आणि मंजुळे यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, त्यांचं जग वेगळं, त्यांची जात वेगळी, विषय तर पूर्ण वेगळे. तरी दोघांच्या मनात उठलेला प्रश्न एकच होता, या पडद्यावर आमचं कुणी का नाही? फाळक्यांना तो चाळिशीत पडला. लहानपणी पडला तर एवढंच होतं, की त्याच्याबरोबर जगायला वर्षं जास्त मिळतात.

सगळ्यांनीच पाहिला, मग सगळेच दिग्दर्शक का नाही झाले?

हा मुद्दा दिग्दर्शकांच्या मुलाखतींत हरवून जातो. यशस्वी माणूस मागे वळून बघतो तेव्हा त्याला सगळ्याचं मूळ त्या पहिल्या सिनेमात दिसतं. पण त्याच रात्री त्याच तंबूत आणखी पाचशे पोरं बसलेली होती. त्यांनीही तेच पाहिलं, त्यांनीही स्टोरी सांगितली.

फरक पडला तो पुढे. शांतारामांना कंपनीत नेणारा मावसभाऊ होता. स्पीलबर्गच्या घरात कॅमेरा होता. मंजुळे पुणे विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. झाले आणि नंतर अहमदनगरच्या कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकायला गेले. तिथं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॉलेजचा कॅमेरा हातात आला नसता तर जेऊरचं ते पोर कवी राहिलं असतं, दिग्दर्शक झालं असतं का ते सांगता येत नाही.

लहानपणचा सिनेमा भूक लावतो. ताट कुणीतरी दुसऱ्याने वाढावं लागतं.

आणि भूकसुद्धा सगळ्यांना सारखी लागू दिली गेली नाही. जत्रेतला रात्रीचा खेळ पोरं एकटी जाऊन बघायची, घरी न सांगताही बघायची. त्यांच्याच बहिणींना आई-आजीबरोबर, देवाचा किंवा माहेरचा सिनेमा असेल तर आणि वेळेत घरी परतायच्या अटीवर जायला मिळायचं. मागे वळून मशीन बघत बसायची, ऑपरेटरशी दोस्ती करायची, एकच सिनेमा पाच वेळा बघायची मुभा मुलीला नव्हती. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या दिग्दर्शकांच्या यादीत बायकांची नावं इतकी कमी का, याचं एक कारण त्या तंबूच्या दारातच सापडतं.

तंबू उठला, मग आता?

टीव्ही आला, व्हिडिओ आला, केबल आली, तरी टुरिंग टॉकीज तग धरून होत्या. २०१० नंतर सिनेमाच फिल्मवरून डिजिटलवर गेला आणि जुन्या मशीनना दाखवायला काही उरलं नाही. काहींनी डिजिटल प्रोजेक्टर घेतले, बहुतेकांनी तंबू गुंडाळले. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षं मागे फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान्स महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. जत्रेतला तंबू कान्सला पोहोचला, तेव्हा जत्रेतून तो जवळपास उठलेला होता.

आज वडूजमधल्या पोराच्या हातातल्या मोबाईलवर जगातला जवळपास कोणताही सिनेमा येतो. शांतारामांना हुबळीत जे महिन्यात मिळत नव्हतं ते याला एका दुपारी मिळतं. वर त्याच मोबाईलमध्ये कॅमेरा आहे, संकलनाचं ॲप आहे. म्हणजे भूक आणि ताट दोन्ही एकाच खिशात. आणि मोबाईल बहिणीच्या हातातही आहे, निदान काही घरांत तरी. तंबूच्या काळात हे शक्यच नव्हतं.

मग कमी काय पडतंय?

एक म्हणजे शेवटपर्यंत बघणं. तीस सेकंदांचे तुकडे बघून डोळा तयार होतो, पण दोन तासांची गोष्ट कशी चढते आणि उतरते हे कळत नाही. दुसरं म्हणजे अनोळखी गर्दीत बसणं. आपल्याला रडू येतंय त्याच क्षणी शेजारचा अनोळखी म्हातारा डोळे पुसतोय, हे एकट्याने मोबाईलवर बघताना कधीच कळत नाही. दिग्दर्शकाला शेवटी त्या म्हाताऱ्यासाठीच सिनेमा करायचा असतो. आणि तिसरं म्हणजे सांगणं. ज्याचा सिनेमा त्याच्याच खिशात आहे त्याला स्टोरी सांगायची कुणाला?

या तिन्ही गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. गावातल्या गणपती मंडळाकडे प्रोजेक्टर भाड्याने आणायची सवय आहे, बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत स्क्रीन आलेत. महिन्यातून एक सिनेमा पूर्ण, सगळ्यांनी मिळून, मध्ये न थांबवता बघायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या पोरीला उभं करून स्टोरी सांगायला लावायची, एवढं एखाद्या शिक्षकाला सहज जमण्यासारखं आहे. ज्याला किंवा जिला पुढं शिकायचंय त्यांच्यासाठी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चालवलेले सिनेमा रसास्वादाचे वर्ग आहेत.

माणदेशाच्या मातीतून औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाची गोष्ट शांतारामांनी सत्तर वर्षांपूर्वी उचलली. छावणीतली जनावरं, टँकरमागे धावणाऱ्या बायका, गलाईसाठी परराज्यात गेलेली माणसं आणि रात्रभर चालणारी जत्रा, या गोष्टी अजून सांगायच्या राहिल्यात. त्या सांगणारं पोर याच पट्ट्यात कुठंतरी मोबाईल घेऊन बसलेलं असेल. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर या रविवारी त्याच्या नाहीतर तिच्या शेजारी बसून एक सिनेमा शेवटपर्यंत बघा. आणि संपल्यावर एवढंच विचारा, यात तुला काय दिसलं नाही?